तिरपा दांडा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनातच, गाडीखाली आडवं पडून कंबर अशी धरली आहे की वाकलो तर उठवायला माणूस लागेल.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं घोरणं कमी झालं, की तुलाच सवय झाली?

तू फोनवर विचारलंस, "तुझी ती खोटी गाडी झाली का रे?" ताई, खोटी नव्हे, प्रतिकृती. बाहेरून हुबेहूब जुनी शर्यतीची गाडी, आत इंजिन आणि गिअरबॉक्स एका थकलेल्या डिलिव्हरी व्हॅनचा. सगळं जमलं, घोडं अडलं गिअरच्या दांड्यापाशी. तो उगवला माझ्या कोपराच्या मागे. गिअर बदलायचा म्हणजे पाठ खाजवल्यासारखा हात मागे न्यायचा.

मग दुसरे दांडे आणले. एक इतका उंच, की गिअर टाकताना मूठ हनुवटीला लागे. दुसरा ठेंगणा, दिसायला राजबिंडा, पण इतका ताठ की त्याला हलवताना मी सीटवरून उठायचो. (तुझी भावजय म्हणाली, "कोणी मोठं माणूस आलं का?") शेवटी ठरवलं, उंच दांडाच कापून पुढे वाकवून घ्यायचा. पुठ्ठ्याचा नमुना कापला, आणि नेमकं ऑफिसातून बोलावणं आलं. नमुना आणि दांडा घेऊन वेल्डरकडे तुझी भावजय गेली. काम सुरेख झालं. वर मी स्वतः घासलेली लाकडी मूठ बसवली. बसून पाहतो तर दांडा पुढे वाकलाय तितकाच बाजूलाही वाकलाय, थेट शेजारच्या सीटकडे.

आता क्लच मी दाबतो, गिअर ती टाकते. आधी मी "दुसरा" म्हणायचो. हल्ली ती इंजिनाचा आवाज ऐकून मलाच "दाबा" म्हणते. जी बाई या गाडीला इतके दिवस सवत म्हणत होती, ती संध्याकाळी माझ्याआधी चपला घालून दारात उभी. परवा चढावर आमचं जरा वाजलं. (विषय तुझ्या भावाचा हट्टी स्वभाव.) ती हाताची घडी घालून बसली, आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्यांची ही रांग. मी चुकलो म्हणालो, तेव्हा कुठे पहिला गिअर पडला.

असो. भाऊजींना नमस्कार, भाच्यांना पाठीत एकेक धपाटा.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. रविवारी अशा गाड्यांचा मेळावा आहे, आणि तिथे मालकाने एकट्याने फेरी मारून दाखवायची असते. वेल्डर दांडा सरळ करायला तयार आहे, पण ही गाडीला हात लावू देत नाही. तुझं ती ऐकते. तेवढं समजाव.

आणखी ता. क. (अक्षर बदललेलं दिसेलच.) वन्सं, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलंय, म्हणून या चार ओळी. वेल्डर बिचारा नमुन्याप्रमाणेच करत होता. मीच त्याला म्हटलं, "थोडा माझ्याकडे घ्या." दोन वर्षं या माणसाचे मला गाडीखालून नुसते पाय दिसायचे. आता शेजारी बसून निदान बोलतात तरी. तुमचा फोन आला की मी सगळं नीट ऐकून घेईन. तुम्हीही समजावल्यासारखं करा, म्हणजे त्यांना वाईट वाटायला नको.