वरची कपाटं आठ इंच खाली

आई, तुझ्या स्वयंपाकघरातली वरची कपाटं मी गेल्या आठवड्यात काढली आणि आठ इंच खाली बसवली. गॅसच्या वरचं तेवढं होतं तिथंच ठेवलं, तिथं धग लागते. बाकीची तिन्ही खाली आली. तू जाऊन अकरा वर्षं झाली, आता हे तुला कळवून काही होणार नाही हे मला समजतं. पण काम तुझ्या घरातलं आणि चूक तुझ्या बाबतीतली, म्हणून लिहायचं तर तुलाच.

ते माझं पहिलं काम होतं. तोवर मी हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर उभा राहून बिजागऱ्या, स्क्रू आणि ड्रॉवरचे चॅनेल विकायचो. मला कुणी शिकवलं नाही. दुकानात येणाऱ्या मिस्त्रींचं बोलणं ऐकलं, कंपन्यांचे कॅटलॉग घरी आणून वाचले, भंगारात निघालेली कपाटं आणून स्क्रू न् स्क्रू सुटा केला आणि ती नेमकी कुठं कुजली ते बघितलं. कुजतात ती बहुतेक दोनच ठिकाणी, सिंकच्या खाली आणि जिथं फरशीला टेकतात तिथं. म्हणून तुझ्या घरात मी भुश्शाचा बोर्ड शिरू दिला नाही. सगळा मरीन प्लाय, कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी, आणि खालच्या कपाटांना चार इंचांचे स्टीलचे पाय. दादा म्हणाला, "देवळाचं काम काढलंय काय?" तू सहा दिवस सोप्यात शेगडी मांडून स्वयंपाक केलास आणि एकदाही कधी संपणार म्हणून विचारलं नाहीस. सातव्या दिवशी पदराला हात पुसत आत येतेस, खालची दारं उघडून बघतेस, मग मान वर करतेस.

"लई उंच न्हाई व्हय रं झालं?"

"कॅटलॉगातलं माप हाय आई. खाली घेतलं तर वाकताना डोक्याला लागतंय."

"कुणाच्या?"

मी हसलो. तूही हसलीस. "बरं, तुला म्हाईत," म्हणालीस आणि चहा टाकलास. डोकं अर्थातच माझं होतं, पाच फूट दहा इंचांवरचं. तू चार फूट आठ इंच होतीस. आज हे मी अंदाजानं लिहितोय, कारण त्या घरातल्या भिंती मी मिलिमीटरमध्ये मोजल्या होत्या आणि तुला मोजलं नव्हतं.

त्यानंतर मी दुकान सोडलं आणि हाच धंदा धरला. गिऱ्हाईक का-कू करायला लागलं की गाडीत घालून गडमुडशिंगीला, आपल्या घरी आणायचो. "हे माझ्या आईचं किचन. पाच वर्षं झाली, शटर एक सूत खाली आलेलं न्हाई. बघा उघडून." पाचची सात झाली, तू गेलीस, सातची अठरा झाली. वहिनी त्याच ओट्यावर स्वयंपाक करतात, आणि मी तीच दारं उघडून दाखवतो. माझ्याकडं छापलेली हमी नाही. माझी हमी म्हणजे ही अठरा वर्षं.

गेल्या आठवड्यात शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या होत्या. फ्लॅट मुलाचा, पण बोलत होत्या त्याच. उंचीनं तुझ्याएवढ्या. मी वरच्या कपाटाचं शटर, म्हणजे दार, उघडलं, सोडलं, ते आपोआप हळूच मिटलं. बाईंनी ते बघितलंच नाही. त्या टाचा उंचावून आत बघत होत्या.

"आत काहीच नाही हो. काय ठेवता यात?"

वहिनी पीठ मळत होत्या. त्या म्हणाल्या, "वरल्यात? ते कवा उघडतोय आमी? हात कुठं पुरतोय! आत्ती होत्या तवा भावजी गिऱ्हाईक घिऊन येनार म्हनलं की ह्यास्नी सांगून चार डबं वर ठिवून घ्यायच्या. गाडी वळली की परत खाली. रिकामं दिसाय नगं, पोराचा धंदा हाय, म्हनायच्या."

आत्ती म्हणजे तू. बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. "मग टिकणारच की! माझ्या लग्नातला काचेचा सेटसुद्धा असाच टिकलाय." मग चष्मा पुसून त्यांनी सरळ विचारलं, "मिस्त्री, रोज दहा वेळा उघडलं तर हे किती वर्षं जाईल?"

मी या धंद्यात पहिल्यांदा म्हणालो, "माहीत नाही."

त्यांनी काम अजून दिलेलं नाही, नाकारलेलंही नाही. जाताना भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आधी माझं माप घ्या, मग भिंतीचं." मी घेतलं. हात वर, हात पुढं, दोन्ही वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी ड्रिल घेऊन घरी आलो. आता वरच्या फळीवर वहिनींची चटणीची बरणी आहे, चहा-साखरेचे डबे आहेत, आणि शटर दिवसभर उघडतंय, मिटतंय. वर्षं मोजायची तर आता इथून. खालच्या कपाटांबद्दलचा दावा मात्र मी सोडणार नाही. सिंकखाली अठरा वर्षं पाणी सांडलंय, आत गुळाच्या ढेपा आणि तेलाचे डबे राहिलेत, आणि तिथला प्लाय आजही बोटानं वाजवला तर टणक वाजतो. ते काम चोख आहे.

हा कागद मी घरात ठेवणार नाही, वहिनींच्या हाती पडेल. वर हात पुरत नाही असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी नवल वाटल्यासारखा चेहरा केला होता. नवल वाटलं नव्हतं. कपाटं बसवली त्याच्या पुढच्या वर्षी, गौरीच्या दिवशी, मी मागच्या दारानं आत आलो. तू ओट्यावर गुडघा टेकून, एका हातानं कपाटाची कड धरून वर ताणलेली होतीस. मला बघितलंस आणि घाईघाईनं उतरलीस. "जळमटं काढत होते," म्हणालीस. मी वर बघितलं. जळमट नव्हतं, आणि तुझ्या हातात पुरणयंत्राची चकती होती. मी शटर सरळ आहे का तेवढं डोळ्यानं तपासलं आणि म्हणालो, "जेवायला वाढ."