कुंकू न लावलेला सिलिंडर

अण्णा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आता हेही नाहीत. मलकपेठेतल्या ह्यांच्या दुकानात मीच बसते. आज एक मोटारसायकलवाला आला. "अम्मा, नायट्रोजनच डालना, हवा नक्को," म्हणाला. मी म्हटलं, टायरला साधी हवाही चालते बाबा, फक्त दर आठवड्याला बघत जा. बोलून गेले आणि मग लक्षात आलं, हे तर तुमचं बोलणं.

दसऱ्याची ती सकाळ डोळ्यांपुढे आली. अंबरपेठच्या तुमच्या टायरच्या दुकानात कॉम्प्रेसरला झेंडूचा हार घातलाय, पान्हे, जॅक पुसून मांडलेत. लग्नानंतर हे तुमच्याच हाताखाली कामाला लागलेले. त्या दिवशी पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्यानं काही आणलंय: नायट्रोजनचा सिलिंडर.

"जावईबापू, ह्यात काय आणलंत?"

"नायट्रोजन, मामा. टायर लवकर उतरत नाही. शिवाय शॉकअपमध्ये..."

"हवेत तेच तर असतं! देवानं फुकट दिलेलं बाटलीत घालून विकायचं होय? उद्या पाऊसही विका."

कामगार हसतात. तुम्ही एकेका अवजाराला कुंकू लावत येता. सिलिंडरपाशी बोट थांबतं, आणि तुम्ही पुढच्या जॅककडे वळता.

ह्यांनी सोनं म्हणून जम्मीची, आपल्या शमीची, पानं तुमच्या हातात ठेवली आणि दिवाळीच्या आत इथे वेगळं दुकान मांडलं. त्यानंतर तुम्ही आमचा उंबरा चढला नाहीत. सणाला आईला एकटीला रिक्षात बसवून पाठवायचात.

हल्ली गिऱ्हाईक नसलं की मी मिळेल ते वाचते. हवेत बहुतेक नायट्रोजनच असतो, हे तुमचं खरं निघालं. पण गाडीचे धक्के सोसणाऱ्या त्या शॉकअपमध्ये साधी हवा भरून चालत नाही. ओलावा शिरतो, आतलं तेल खराब होतं. तिथं नायट्रोजनच लागतो. हे ह्यांचं खरं. तेच ते सांगत होते, आणि तुम्ही टायरवरच हसून मोकळे झालात. एक चहा होईपर्यंत दोघं बोलला असतात तर एवढी वर्षं गेली नसती.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. तुम्ही गेलात तेव्हा मी ह्यांना सांगितलं, "शेवटी अण्णांनी तुमची आठवण काढली होती." तुम्ही काढली नव्हती. ते शटर ओढून बराच वेळ आत बसून राहिले. मी त्यांना शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही.