माझा अल्जेब्राचा विद्यार्थी

३ जुलै
सरांनी वर्गात जोड्या लावल्या. ज्याला अल्जेब्रा येतो त्याने, ज्याला येत नाही त्याला रोज होमवर्कला मदत करायची. महिनाअखेरच्या टेस्टमध्ये चांगले मार्क पडले की जोडी सुटणार. माझ्या जोडीला चष्मिस. आमच्यात कोणी कोणाला शिकवायचं ते सर बोलले नाहीत. उघड गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

४ जुलै
चष्मिस संध्याकाळी घरी आला. बाबा परगावी असतात, आई दुकान बंद करून आठला येते, तोवर घरात मी एकटा. त्यामुळे अभ्यासाला शांतता भरपूर. जरा जास्तच. त्याने विचारलं, अधिक पाच पलीकडे नेताना उणे का नाही केलेस? म्हटलं, तुझी परीक्षा घेत होतो. पोराची नजर बरी आहे. घडवता येईल.

९ जुलै
दहापैकी सात गणितं चुकवली. मुद्दाम. चुका शोधून शोधूनच त्याचा हात बसणार. तो प्रत्येक गणित पहिल्यापासून मला समजावतो. दुसऱ्याला समजावलं की स्वतःला समजतं, असं माझं तंत्र आहे. बिस्किटांचा पुडा मात्र एकट्याने संपवतो. संकल्प: उद्या दोन पुडे आणणे.

१५ जुलै
आला नाही. सर्दी. माझं काही अडत नाही. आज दुप्पट होमवर्क उरकणार.
संध्याकाळी ७: अर्धं गणित झालं. मध्ये त्याच्या तब्येतीची चौकशी केली, तेवढी जबाबदारी असतेच आपली. तिसऱ्या फोनला त्याची आई म्हणाली, अरे, झोपलाय तो, झोपू दे की.

२२ जुलै
सगळी गणितं बरोबर! चष्मिसने पाठीत धपाटा घातला. मग आम्ही सरांच्या चालण्याची नक्कल केली. हसून हसून पोट दुखलं. आईने दारातूनच विचारलं, घरात कोण कोण आलंय? फार बरं वाटलं.

३० जुलै
टेस्टमध्ये वीसपैकी अठरा. सर वर्गासमोर म्हणाले, चष्मिसने मेहनत घेतली म्हणून हा सुधारला. सरांचा काहीतरी गोंधळ झालाय. सांगणार होतो, पण चष्मिस इतका खूश दिसला की जाऊ दिलं.
जोडी सुटली. उद्यापासून तो नव्या जोडीला, मागच्या बाकावरच्या झोपाळूच्या घरी जाणार. मीही येऊ का, असं विचारायचं मनात आलं. विचारलं नाही. न बोलावता जाणाऱ्यांतले आपण नव्हे.

५ ऑगस्ट
मोकळ्या संध्याकाळी मजेत चालल्या आहेत. बेल बिघडली असेल म्हणून दोनदा दार उघडून पाहिलं. मग बाहेर जाऊन वाजवली. वाजते.
प्लॅन ठरला. बारा तारखेला सरांनी आणखी एक टेस्ट ठेवली आहे, तिच्यात सपशेल नापास व्हायचं, म्हणजे सर पुन्हा जोडी लावतील. चुका करण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

१२ ऑगस्ट
टेस्ट झाली. पलीकडे नेताना चिन्ह तसंच ठेवायचं, हे पक्कं होतं. पेनने परस्पर बदललं. खोडून चुकीचं लिहिलं, तर पुढचं सगळं गणित वाकडं दिसायला लागलं. बघवेना. शेवटी नीट केलं.

१४ ऑगस्ट
वीसपैकी वीस. वर्गात टाळ्या. सगळ्यात जोरात चष्मिसच्या. सर म्हणाले, शाबास! आता तुला कुणाचीच गरज नाही.
मी थँक्यू सर म्हणालो आणि खाली बसलो.