शून्यावरची नाडी

सोमवार, ५ मे

आले एकदाची नागपुरात. उमरेड काही लांब नाही, पण आईने डबा असा भरून दिला की जणू मी सातासमुद्रापार चालले. हुडकेश्वरला यमुताईंकडे वरची खोली मिळाली. त्या निवृत्त नर्स, त्यामुळे पाणी किती प्यायलीस याचा हिशेब रोज द्यावा लागणार. दोन गल्ल्या सोडून बाबारावांचा कारखाना, म्हणजे दोन खोल्या, एक कूलर आणि कापसाच्या जिनिंगवाल्यांचे वजनकाटे. काट्यातून येणारा बारीक व्होल्टेज आकड्यांत बदलणारी नवी चिप पारखायची, हे माझं काम. चिपवाल्या कंपनीचा चाचणीचा बोर्ड टेबलावर तयारच आहे. माझ्याआधी इथे जितेंद्र नावाचा मुलगा होता, तो वारला. एवढंच सांगून बाबारावांनी चहा मागवला.

मंगळवार, ६ मे

बोर्डाचा अडॅप्टर यूपीएसला लावला, केबल लॅपटॉपला. इनपुटच्या दोन्ही पिना एकमेकींना जोडल्या, म्हणजे पडद्यावर शून्याची सरळ रेघ यायला हवी. आली. मग अंगातली स्थिर वीज जमिनीत उतरवणारा मनगटाचा पट्टा न बांधता पिनेवर बोट ठेवलं. हे कोणी शिकवत नाही आणि करतात सगळे. अंगातून विजेची गुणगुण उतरते, चॅनेल चालू आहे एवढं कळतं. बोट काढलं, पिना पुन्हा जोडल्या, तर रेघेवर टेकड्या उरलेल्या. एकीमागून एक, सारख्या अंतराने. मी कूलरवर आळ घेतला. कूलर बंद करून घामाने न्हाले, टेकड्या तिथेच.

संध्याकाळी बोर्ड बंद केला आणि जिन्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. यमुताई म्हणाल्या, ऊन लागलं.

गुरुवार, ८ मे

टेकड्या मिनिटाला बहात्तर. सहज स्वतःचं मनगट धरलं, तर बहात्तरच. जिना चारदा चढून-उतरून आले. पडद्यावर एकशे दहा.

आमच्या घरी माग अडला की आजोबा आधी धागा तपासायचे, नजर लागल्याचं नंतर बघू म्हणायचे. म्हणून मी केबल बदलली, लॅपटॉप बदलला, पिनेवर पुन्हा बोट ठेवून बघितलं. मग बोर्ड बंद केला. पुढचं आठवतं ते एवढंच, की मी जमिनीवर आहे आणि बाबाराव तोंडावर पाणी मारताहेत. बोर्ड चालू होता, त्यांनीच केलेला. मला उचलायच्या आधी बोर्ड काहून चालू केला, हे विचारलं तर ते चहा सांगायला बाहेर गेले.

शनिवार, १० मे

आज बोलले. जितेंद्रही बोर्ड बंद करू द्यायचा नाही, इथेच निजायचा. दिवाळीला गावी गेला. "मले वाटलं, फुकटची लाईट जळून राहिली. मीच बटन बंद करून कुलूप लावलं वं पोरी. तिकडे तो पाटावर बसल्या बसल्या गेला." रडले. मला त्यांची दया आली, आणि रागही आला. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

यमुताईंनी नाडी बघितली. बराच वेळ. मग म्हणाल्या, "लागूनच नाही राहिली वं. माझीच बोटं म्हातारी झाली." पण माझ्याकडे बघेनात.

रविवार, ११ मे

जे बोटातून गेलं ते बोटातूनच परत येईल, असं वाटलं. दहा मिनिटं पिनेवर बोट धरून बसले. चूक झाली. टेकड्या दुप्पट उंच झाल्या. मनगटात आता काहीच नाही — गळ्यापाशीही नाही.

मला भीती वाटते. मला जगायचं आहे. आईचा फोन आला, आवाज इतका बारीक का म्हणाली. सर्दी झाली म्हटलं.

मंगळवार, १३ मे

खोलीवर गेले नाही. बोर्डाजवळच. आवाज जवळजवळ गेला — बाबारावांशी वहीत लिहून बोलते.

बुधवार, १४ मे

८.२० — मोबाइलवर मेसेज. दुरुस्तीसाठी आज नऊ ते बारा वीज बंद. यूपीएस चाळीस मिनिटं टिकतो. बाबाराव नंदनवनला मेव्हण्याकडे इन्व्हर्टर आणायला निघाले.

९.०० — गेली. कूलर थांबला. टेकड्या चालू.

९.२५ — यूपीएस टूंटूं करतोय. टेकड्या एकशे तीस. भिऊ नको, दामिनी —

९.३४ — गाडी वाजली. आले. बॅटरी, इन्व्हर्टर, सगळं. बॅटरीला जोडून इन्व्हर्टर सुरू केला. वाचले —

नाही. टेबलाखाली वाकलेत. बोर्डाच्या अडॅप्टरची पिन चाचपडताहेत — ती यूपीएसमधून काढून इन्व्हर्टरला लावणार. हाक निघत नाही. वही त्यांच्यापुढे धरते —

काका, बोर्डाची पिन काढू नका. यूपीएसची वायर इन्व्हर्टरला लावा. बोर्डाची नाही

चष्मा नाही त्यांच्या डोळ्यांवर, अक्षर दिसत नाही. हसताहेत. म्हणतात, झालं वं पोरी, एकच मिनिट

काका बोर्डाची न