रॉकेटवाला हात

४ जानेवारी २००४, रविवार
डोकं फिरलंय. समीरनं आज प्रसादच्या कोपरात रॉकेट बसवून दिलं.

गेममध्ये. दर रविवारी आम्ही तिघं समीरच्या अब्बांच्या पंखे-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत बसतो. हैदराबादहून त्याच्या मामेभावानं आणलेलं झेरॉक्सचं पुस्तक, फासे, पेन्सिली. समीर गोष्ट चालवतो, मी आणि प्रसाद गोष्टीतला आपापला माणूस चालवतो. पुढच्या काळातलं शहर, माणसं अर्धी लोखंडाची, सगळ्यांच्या मागे कुठली तरी कंपनी. वर्षभर मजा आली. अख्ख्या चंद्रपुरात ही एकच जागा, जिथं मला कोणी "तू मुलगी, तू लिहून घे" म्हणत नाही.

पण आता नुसता हत्यारांचा बाजार. गुडघ्यातून सुरी. डोळ्यातून गॅस (स्वतःच्या नाकात नाही जाणार?). छत्रीत बंदूक. आणि आज हे. मी म्हटलं, उडवणाऱ्याचाच खांदा निखळेल. समीर म्हणतो, "मजा पाह्य ना, वैशाली."

प्रसादच्या माणसाला पोटात गोळ्या लागल्या. उठला, सिगारेट पेटवली, जोक मारला. आम्ही हसायचं.

मी नाही हसले.

८ जाने.
मेकॅनिक्सच्या तासाला मागं बसून माझे नियम लिहिले. लागलं की माणूस पडतो. पडला की त्या लढाईत उठत नाही. हत्यार काढायला वेळ लागतो आणि तो वेळ बहुतेक मिळत नाही. हात गेला तर गेला. नवा कोणी आणून देत नाही.

सरांना वाटलं नोट्स काढतेय.

११ जाने., रविवार
खेळलो माझ्या नियमानं. लढाई सुरू होताच संपली. प्रसादचा माणूस पोट धरून रस्त्यावर पडला, त्याला करायला काहीच उरलं नाही. प्रसाद खाली चहा प्यायला निघून गेला. समीर म्हणाला, "हा गेम आहे का पोस्टमार्टम?"

मग मी बोलले. कधी बोलले नव्हते यांच्याशी. मागच्या उन्हाळ्यात मी, माय आणि दादा जंगलात मोहाची फुलं वेचायला गेलो. झुडपातून अस्वल आलं. कुऱ्हाड दादाच्या खांद्यावरच होती. तिथंच राहिली. कोणाची पाळी आधी, कोणाची नंतर, असं काही नव्हतं. मला ओरडताही आलं नाही. नागपूरला त्याचा उजवा हात कोपराखाली कापला.

समीर पुढे सरकला. मग हळूच, "मंग तुले तं पक्कं माहीत आहे. अस्वल कसं येते, सांग ना. आपून गेममध्ये घेऊ. एकदम रिअल."

मी फासे उचलले आणि खिडकीतून नालीत टाकले. झेरॉक्स उचललं आणि निघून आले. कॉलेजसाठी जिच्याकडे राहते त्या मावशीनं विचारलं, काऊन एवढी तापली? काय सांगणार.

१९ जाने.
दादा आला आहे गावाहून, चामोर्शीकडून, मावशीकडेच उतरला. नकली हात सोबत. पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेला. अपंगांच्या शिबिरात फुकट मिळालेला. पट्टे काखेत काचतात, ते बदलून घ्यायचे. घरी तो खुंटीला टांगलेला असतो. रंग गुलाबी-गोरा, आमच्या सात पिढ्यांत कोणाचा नाही असा. बोटं हलत नाहीत. तलावात मासोळीचं जाळं फेकायला दोन हात लागतात, कडा दातात धरावी लागते. या हातात काडेपेटीसुद्धा थांबत नाही. कोणी बनवला असेल? त्यानं एकदा तरी घालून पाहिला असेल?

दादा तलावावर जात नाही. अंधार पडायच्या आत घरात. मायनं हे सांगितलं, त्यानं नाही.

२१ जाने.
समीर घरी आला, झेरॉक्स परत मागायला. मी आतच बसले, झेरॉक्स बाहेरच्या खोलीत पडलेलं. दार दादानं उघडलं. समीरची नजर त्याच्या बाहीवर गेली असणार. मग ऐकू आलं, "हे कायचं पुस्तक आहे गा?" आणि समीर अडखळत सांगून राह्यला.

बाहेर आले तर दोघं ओट्यावर, मध्ये पुस्तक. दादा चित्रं पाहत होता. गुडघ्यातली सुरी. नखांतली पाती. आणि हसत होता. खांदे हलवून, पोटातून. उन्हाळ्यापासून त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. इतके महिने घरात आम्ही हळू बोलतो, आणि हा या भंगारावर हसतो.

२५ जाने., रविवार
दादा खेळायला गेला. मीही गेले, लक्ष ठेवायला. नवे फासे आले आहेत.

समीर आज फार सांभाळून बोलत होता. म्हणाला, "भाऊ, तुमच्या माणसाले साधा मजबूत हात देतो. सगळं काम होते त्यानं."

दादा म्हणाला, "रॉकेटवाला नाई का?"

दिला. दादानं पहिल्याच लढाईत रॉकेट सोडलं, भिंत पाडली, स्वतः भिंतीखाली गेला, उठला. चार गुंडांना लोळवलं. गोळ्या लागल्या, मोजल्यासुद्धा नाहीत. प्रसाद टाळ्या वाजवत होता. माझ्यानं राहवलं नाही.

"दादा, असं होत नसते."

त्यानं फासे खाली ठेवले. "मले माहीत नाई का कसं होते ते?"

दादानं फासे माझ्याकडे सरकवले.

"तू मले सांगतं? सारं खऱ्यासारखंच करा लागते तं मी घरीच बसतो ना. इथी कायले येऊ?"

येताना रस्त्यानं भांडण. मी म्हटलं, खोट्या हातावर एवढं प्रेम, आणि जो मिळाला तो खुंटीला. तो म्हणाला, "तो माह्यासाठी नाई. पाहणाऱ्याले बरं वाटावं म्हणून आहे." पुढे बोललोच नाही. मावशीकडे जेवलोही वेगवेगळं.

१ फेब्रु., रविवार
गेले नाही. दादा गेला. पट्टे मंगळवारीच बदलून झाले, तरी गावाला जायचं नाव नाही. मायचा फोन, "त्याले पाठव ना. मच्छीमार सोसायटीतले विचारून राह्यले, जाळ्याची पाळी ठेवायची का दुसऱ्याले द्यायची." मी काय सांगू? तुमचा पोरगा लोखंडी माणूस झालाय, त्याला वेळ नाही?

समीरचा राग. दादाचा राग. सोसायटीवाल्यांचा तर सगळ्यात जास्त. एक हात गेला तर विचारायला लागले.

५ फेब्रु.
कॉलेजातून येताना दुकानात डोकावले. काउंटरवर हात. दादाचा. उघडलेला, तळव्याला भोक, आत वायरी. समीर सोल्डरिंगचा डाग देत होता, दादा स्टुलावर बसून धरून होता.

"हे काय चाललंय?"

"टॉर्च बसवून राह्यलो," समीर. वर पाहिलं नाही.

मी जे तोंडाला आलं ते बोलले. शिबिराचा हात, बिघडला तर दुसरा कोण देईल. सेलचं वजन. पाण्यानं शॉर्ट होईल. आणि बटण मनगटावर, म्हणजे लावायला चांगला हात लागणारच. "मग चांगल्या हातातच टॉर्च धर ना, दादा."

"चांगल्या हातात काठी धरीन," दादा म्हणाला.

अब्बा मागून म्हणाले, "बेटा, पाणी पी." नाही प्यायले.

त्याच्यावर प्रयोग चाललाय असं वाटतं. समीरला गेम खऱ्यात आणायचा आहे. अस्वल पाहिजे होतं ना त्याला.

८ फेब्रु., रविवार
दादा गेला दुपारच्या एसटीनं. हात घालून. पहिल्यांदा चारचौघांत. स्टँडवर भर उन्हात दिवा लावून दाखवला, दोन बाया पाहत राहिल्या, एक हसली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्याला नाही.

समीरही आला होता. गाडी हलल्यावर म्हणाला, "मी त्या दिवशी गलत बोललो." मी काही म्हटलं नाही. "रविवारी येशीन ना?" तेव्हाही नाही. प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायचा ठेका मी घेतलेला नाही.

९ फेब्रु.
दिवे लागल्यावर मायचा फोन, बूथवरून. "तो हात घालून आला. कोणं केलं हे?"

आवाजावरून कळेना, रागावली की काय. मी म्हटलं, माझ्या मित्रानं.

"आताच तलावाकडे गेला. जंगलाच्या वाटेनं. काठी घेऊन, दिवा लावून. मी अडवलं तं आयकलं नाई." मग आवाज खाली आणून, "वैशू, खरंच चालते का गं तो दिवा? मंधातच बंद नाई ना पडत?"

मी हो म्हटलं.

फोन ठेवला. चप्पल घालून उभी आहे. समीरचं दुकान अजून उघडं असेल. सेल किती वेळ टिकतात, ते त्यालाच माहीत.