दारं धरत असता

तात्या, आज शिकाऊ डॉक्टरांपुढे बोलता बोलता माझा हात उगाच डाव्या गालाकडे गेला. पुण्याच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर, वकील, पोलीस, पक्षकार सगळ्यांदेखत तुम्ही जिथे चपराक मारलीत, तिथे. पोरं हसली, त्यांना वाटलं म्हाताऱ्याला डास चावला. ती चपराक मला तेव्हाही मान्य होती, आजही आहे. पण ती अर्ध्याच गुन्ह्याची होती. उरलेला अर्धा तुम्हाला सांगायचा राहून गेलाय.

मी पुण्यात, पेठेत वाढलेला. डॉक्टरकीची नवी नवी पदवी घेऊन बारामतीच्या दवाखान्यात तुमच्या हाताखाली आलो तेव्हा वाटलं होतं, खेड्यात काय, खोकला नि हिवताप. पहिल्याच आठवड्यात टाका सैल पडला म्हणून तुम्ही माझ्या बोटांवर चिमटा हाणलात. दुसऱ्यांदा सैल पडला तेव्हा ट्रे भिरकावलात, तो कानाजवळून गेला. कालव्याच्या पाण्याची पाळी सुरू झाली की आपल्याकडे माणसं यायची, फावड्याने डोकं फुटलेली, कुऱ्हाडीने उघडलेली, आणि सगळ्यांचं एकच, "बैलानं मारलं." तुम्ही गुरकावायचात, "बैलाच्या शिंगाला धार कुणी लावली रं?" आणि मला सांगायचात, तोंडाचं ऐक, पण जखमेचं लिही. माणूस मरणार असं दिसलं की मात्र उलटं. मग त्याच्या तोंडचा शब्द तसाच्या तसा उतरवायचा, काना-मात्रा बदलायची नाही, लिहून झालं की वाचून दाखवायचं, त्याने मान हलवली की अंगठा घ्यायचा. हे तुम्ही मला इतक्यांदा ऐकवलं होतंत की मी मनातल्या मनात कंटाळत असे.

निरवांगीचा तो माणूस भर दुपारी आला, ट्रकमध्ये उसाच्या पाचटावर निजवलेला. मान आणि खांदा यांच्यामध्ये माझी अख्खी मूठ मावली असती. श्वास घेतला की जखमेतून लाल फेस येत होता. तुम्ही आत एका अडलेल्या बाईचं पोट उघडलेलं, हात काढता येत नव्हता. एरवी मरणाऱ्याची जबानी घ्यायला यायचे ते मामलेदार इंदापूरकडे दौऱ्यावर. आतूनच ओरडलात, "जबानी तू घे! आन वाचून दाखव त्याला!" मी त्याच्या भावाला आणि बायकोला खोलीबाहेर काढलं, कागद घेतला. तो म्हणाला, "म्या दारं धरत हुतो. त्यानं मागनं घातली." शेजारच्या बांधावरच्या माणसाचं नाव त्याने घेतलं. मी विचारलं, "कुठलं दार?" त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मरतानाही त्याला माझं नवल वाटलं असणार. "आमचंच की," म्हणाला. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मी आमच्या घराचे दार धरून उभा असता...' दार आहे म्हणजे घर असणारच, म्हणून 'घराचे' हा शब्द मी पदरचा घातला.

तुम्ही बाहेर आलात तेव्हा तो गेला होता. कोपरापर्यंत रक्ताचे हात, विचारलंत, "वाचून दावलीस?" मी हो म्हणालो. "मान हलवली?" "हलवली." हात धुऊन तुम्ही खाली सही केलीत. मजकूर वाचला नाहीत, नुसतं कागदाकडे बघून म्हणालात, "अक्षर झ्याक हाय तुझं."

कोर्टात आरोपीच्या वकिलाने त्या झ्याक अक्षराचे धिंडवडे काढले. रक्त सापडलं शेतात, पाटाच्या कडेला. घर तिथून मैलभर लांब. आणि मयत स्वतः म्हणतो, घराच्या दारात मारलं. भाऊ साक्षीला उभा होता, पण भाऊच तो, त्याचं कोण ऐकतो? वकिलाने मला विचारलं, जबानी वाचून दाखवली होती का? मी शपथेवर हो म्हणालो. आरोपी सुटला. पायऱ्यांवर तुम्ही मला मारलंत आणि म्हणालात, "दारं धरणं म्हंजी उसाला पानी देणं, गाढवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला काटेवाडीला तुमच्या मळ्यात नेलंत आणि हातात खोरं दिलंत. एका सरीचं तोंड फोडायचं, पाणी टोकाला पोचलं की माती लोटून ते बुजवायचं, पुढचं फोडायचं. दुपारपर्यंत हाताला फोड आले. गुडघाभर चिखलात वाकलेलो, कानात पाण्याचा आवाज, चहूकडे डोक्यावर गेलेला ऊस. मागून कोणी आलं असतं तर मलाही कळलं नसतं. तेव्हा माझ्या मानेवर काटा आला.

पाण्याची पुढची पाळी आली आणि तो सुटलेला माणूस आपल्या टेबलावर आला. मनगट कातडीला लोंबत होतं, पोट उघडं. तुम्ही आतडी धरलीत, मी शिवत होतो, या वेळी एक टाका सैल पडला नाही, आणि तो आपल्या हाताखाली मेला. मागोमाग मयताचा भाऊ स्वतःच्या पायांनी चालत आला. त्याने कोयता माझ्या टेबलावर, कागदांवर ठेवला. "लिवा," म्हणाला. "दारं धरत हुता. पाटाजवळ. घरात न्हाय. औंदा तरी बरोबर लिवा." मी लिहिलं. लेखणी टेकवली की कागद कोयत्याखालच्या रक्ताने ओला लागत होता. तो जन्मठेपेवर गेला. दोन घरं उजाड झाली.

तुम्ही त्यानंतर मला कधी मारलं नाहीत. उलट समजूत घालायचात, "तू वाचून दावलंस, त्यानं मान हलवली. मरतं मानूस काय दुरुस्त करनार? निम्मा दोष त्याचा." मरेपर्यंत तुम्ही असंच मानत राहिलात. त्या निरवांगीच्या माणसाची बायको दवाखान्यात झाडायला लागली होती, तिलाही तुम्ही माझ्यासमोर हेच सांगितलंत. शेवटच्या घटकेला तिच्या नवऱ्याचंच चुकलं, असं. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "असंल, तात्या." मी तिथे उभा होतो, बँडेज गुंडाळत.

तुम्ही काटेवाडीला अंथरुणाला खिळलात तेव्हा मी बारामतीतच होतो. तासाभराचाही रस्ता नव्हता. दोनदा स्टँडपर्यंत गेलो आणि परतलो. सांगितलं असतं तर तुम्ही मला मारलं नसतंत, याचीच भीती वाटली.

तात्या, त्याने मान हलवली नाही. मी अक्षर नीट यावं म्हणून जबानी दुसऱ्या कागदावर पुन्हा उतरवत बसलो होतो. मान वर केली तेव्हा तो गेलेला होता. अंगठा मी नंतर घेतला. अजून गरम होता.