उखळापाशी झालेली मिस्सा

बाबा, ताई आपल्या धर्मग्रामाचं पुस्तक लिहितेय. पहिले गोरे फादर छकड्यात बसून आपल्या माळावर आले तिथपासून परवा नवी घंटा बसली तिथपर्यंत, सगळा इतिहास. तुमची पत्र्याची पेटी तिच्याकडे आहे, त्यातल्या वह्या तिच्याकडे, तुमचा चष्मासुद्धा तिच्याकडे. तिनं व्हिडिओ पाठवला होता. रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चमध्ये उभी राहून ती पुस्तकातलं पान वाचतेय, आत्ताचे फादर मान डोलावतायत, आणि पहिल्या बाकावर आई पदरानं डोळे पुसतेय. मी तो व्हिडिओ साइटवर, चाळीस फुटांवर परांचीच्या फळीवर बसून पाहिला, पाण्याच्या सुट्टीत. पुरता पाहिला नाही. खरं सांगायचं तर तीनदा पाहिला, पण दर वेळी आईनं पदर डोळ्यांना लावला की बंद केला.

मी आठवीत शाळा सोडली, हे तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही सातवीतच गेलात. म्हणजे मी सातवीत असताना. त्यानंतर मी कुठं टिकलो नाही. पुण्यात हॉटेल, मग पनवेलला बिल्डिंगचं काम, मग इकडं सौदीत, जेद्दाला अझीझियात एका दुकानाचं गोडाऊन, रियाधला आठ महिने, आता धाहरानला. आई फोनवर म्हणते, "तुझ्या पायाला भिंगरी आहे का रे?" तुम्ही म्हणायचात, तेच वाक्य. इथं लोखंडी पाईप जोडत वर वर जायचं, काम झालं की सगळं सोडवून खाली आणायचं, मग दुसरीकडं पुन्हा तेच. मी बांधलेलं काहीच मागं राहत नाही. ताईचं पुस्तक राहणार आहे.

मंगळवारी तिचा आवाज आला, व्हॉट्सअ‍ॅपवर. "ए शहाण्या, ऐकतोस का? पुस्तक सोमवारी छापायला जातंय. पहिली मिस्सा आपल्या पणजोबांच्या घरी झाली असं मी लिहिलंय. रजिस्टरात पहिला बाप्तिस्मा त्यांचाच आहे, फादरांच्या माघारी धर्मशिक्षण देणारे पहिले मास्तरही तेच. पण आई म्हणते, बाबांनी तुला एकदा माळावर काही दाखवायला नेलं होतं. काय होतं ते? सांग ना. का तिथंही बोरंच खात होतास?" आणि हसली. तिचं हसणं तुमच्यासारखं आहे, नाकातून. मी उत्तर दिलं नाही. दोन निळ्या खुणा तिला दिसल्या असतील. मग तिचे फोन आले, तेही मी उचलले नाहीत.

बाबा, तुम्ही तिला अक्षर दिलंत. संध्याकाळी स्वयंपाकघरात चुलीशेजारी तिला बसवून तुम्ही बाप्तिस्म्याच्या रजिस्टरची नक्कल उतरवायला लावायचात, आणि तिचं पान झालं की ते उजेडात धरून म्हणायचात, "वा, फादरांना वाटेल मीच लिहिलंय." मी भाकरीचा पापुद्रा सोलत बघायचो. मलाही एकदा दिलंत लिहायला. अर्धं पान झाल्यावर काढून घेतलंत. रागावला नाहीत, नुसतं काढून घेतलंत आणि तिच्यापुढं सरकवलंत. आणि माझ्या दृढीकरणाच्या विधीआधीचा तो रविवार आठवतो? आख्ख्या चर्चसमोर तुम्ही मला उभं केलंत विश्वासांगीकाराची प्रार्थना तोंडपाठ म्हणायला. मी मधेच अडकलो. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच. तुम्ही म्हणालात, "मास्तरच्या घरात जन्मला आणि तोंडात दगड." पोरं हसली. ताई हसली नाही, ती ओठ हलवून मला पुढचे शब्द सांगत होती. मला त्याचाच जास्त राग आला.

आणि त्यानंतरच्या शनिवारी तुम्ही मला माळावर घेऊन गेलात.

आपण चर्चच्या मागून निघालोय. कुंपण ओलांडून, वेड्या बाभळींमधून, तुम्ही काठीनं काटे बाजूला करताय. ऊन डोक्यावर आहे. एका उंचवट्यापाशी तुम्ही थांबता, खाली बसता आणि हातानं माती उकरायला लागता. मातीखालून दगडी उखळ निघतं, जमिनीत रुतलेलं, काठाला चीर गेलेलं. तुम्ही त्यातला चिखल मुठीनं काढून टाकता, धोतराच्या सोग्यानं ते आतून पुसता आणि म्हणता, "पहिली मिस्सा इथं झाली. आपल्या घरी नाही."

एक म्हातारी होती, तुम्ही सांगितलंत. एकटी, विधवा. गोऱ्या फादरांना गावात कुणी ओसरीवर बसू देईना, तेव्हा तिनं आपली पडवी दिली. या उखळावर फळी टाकून त्यांनी वेदी केली. छकड्याच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की ती शेणानं जमीन सारवायला घ्यायची. पाच वर्षं मिस्सा तिच्याच घरी. आपले पणजोबा तिच्या पडवीतच शिकले, तिथंच बाप्तिस्मा घेतला, तिथंच मास्तर झाले. पण तिचा बाप्तिस्मा झाला नाही. कारण विश्वासांगीकार तोंडपाठ म्हटल्याशिवाय मास्तर कुणाला फादरांपुढं नेत नसत, आणि तिला तो पाठ होईना. दर वर्षी पणजोबा तिची परीक्षा घ्यायचे, दर वर्षी ती मधेच अडकायची, दर वर्षी ते म्हणायचे, "पुढच्या खेपेला बघू, आजी." एकदा ती म्हणाली म्हणे, "मास्तर, तुमच्या देवाला माझं घर चालतंय, मग मी का नाय चालत?" ती आजारी पडली तेव्हा फादर दोन मुक्काम लांब होते. मरणाच्या वेळी मास्तरनं डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा दिला तरी चालतो, हे पणजोबांना माहीत होतं. पण ते आधी तिच्याकडून पाठ म्हणवून घ्यायला बसले. पाण्याचा तांब्या उचलला तोवर ती गार झाली होती.

"म्हणून ती कुठल्याच रजिस्टरात नाही," तुम्ही म्हणालात. "बाप्तिस्म्याच्या नाही, लग्नाच्या नाही, मयताच्या नाही. तिला कुंपणाच्या बाहेर पुरलं. आणि पुढं आपल्याच घरानं सांगितलं की पहिली मिस्सा आमच्या ओसरीवर झाली. चर्चच्या यात्रेत पालखी आधी आपल्या दारी थांबते, तो मान त्यावरून आलाय."

मी विचारलं, "मग तुम्ही फादरांना का नाही सांगत?"

तुम्ही उखळात पुन्हा माती लोटायला लागलात. "मला धीर झाला नाही," म्हणालात. मग माझ्या डोक्यावर चिखलाचा हात ठेवलात. तोंडात दगड म्हणाला होतात, त्याची ती माफी होती, असं मी धरून चाललो. तुमच्या सगळ्या वह्यांमध्ये नाही असं एक पान माझ्याकडं आहे, आणि ते मलाच मिळालंय. हे एवढं एकच. इतकी वर्षं मी ते कुणाला दिलं नाही. आईला नाही, बायको अजून नाही, नाहीतर तिलाही नसतं दिलं. आता ताईला सांगितलं की ते तिच्या अक्षरात छापलं जाणार, लोक म्हणणार, मास्तरांच्या लेकीनं काय शोधून काढलंय. आणि नाही सांगितलं तर ती म्हातारी कुंपणाबाहेरच राहणार, आता छापील कुंपणाच्या.

आज शुक्रवार, सुट्टी. मी खाटेवर बसून हे लिहितोय आणि आमचे रत्नागिरीचे चाचा, माझे फोरमन, जुम्म्याच्या नमाजाला जायचं म्हणून कुडत्याला इस्त्री करतायत. मघाशी त्यांनी विचारलं, "काय रे, सकाळपासून कोणाला लिवतोस? इकाम्याचा, परमिटचा अर्ज हाय का?"

"बाबांना."

"ते तर कधीचे वारले ना?"

"हो."

"आणि बहिणीचा फोन वाजतोय तो?"

"वाजू दे."

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. "जिता माणूस हाक मारतोय त्याला उत्तर नाय, आणि मेलेल्याला चार पानं! तू परांची उलटी बांधतोस बाबा, वरून खाली." मग टोपी घातली, "यल्ला," म्हणाले आणि गेले. दार उघडंच ठेवून गेले.

बाबा, मी ताईला आत्ता आवाज पाठवला. अकरा मिनिटांचा. उखळ कुठं आहे, चीर कुठल्या बाजूला आहे, पणजोबांचा तांब्या, पालखीचा मान, सगळं. कुणाला शोधायला जमावं म्हणून चर्चच्या मागच्या भिंतीपासून किती पावलं तेही सांगितलं. मधे दोनदा अडकलो, पण पुन्हा पहिल्यापासून सुरू नाही केलं. तिचं उत्तर लगेच आलं. रडत होती. "आपल्या घराचा मान जाईल रे," म्हणाली, "जाऊ दे. मी आख्खं प्रकरण बदलते. आणि लिहिते की बाबांनी हे फक्त तुलाच सांगितलं होतं." मी म्हटलं, "हो, लिही. मला मुद्दाम नेलं होतं त्यांनी."

ते तेवढं खोटं आहे. त्या शनिवारी तुम्ही काठी घेऊन दारात उभे होतात आणि आधी तिला हाक मारली होतीत, दोनदा. ती स्कॉलरशिपच्या परीक्षेला तालुक्याला गेलेली, तुमच्या लक्षात नव्हतं. मी दाराआडून ऐकलं आणि तुम्ही तिसऱ्यांदा हाक मारायच्या आत चपला घालून बाहेर आलो.